आवाज जाड असेल तर भावगीत मनाला भिडत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवाज जाड आहे, काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाता, सूर आणि ताल पक्के आहेत, तरी भावगीत म्हटलं की ऐकणारे ‘छान झालं’ एवढंच म्हणतात. बारीक आवाजाची मैत्रीण तेच गाणं म्हणते तेव्हा मात्र सगळे गप्प होतात. मग आवाज बारीक करायला शिकावं का, आणि मुळात आवाजाच्या जातीचा ऐकणाऱ्याच्या भावनेशी संबंध काय?

आवाज बारीक करू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण तसं करता करता गळा बिघडवून घेतलेल्या मुली माझ्याकडे शिकायला येतात आणि त्यांचा मूळ आवाज परत मिळवण्यात पहिलं वर्ष निघून जातं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. ते नीट समजलं तर पहिल्या प्रश्नाची धास्तीही उरणार नाही.

शास्त्रीय गायनातल्या किराणा घराण्यापासून सुरुवात करते. एकाच प्रवाहातली गायकी अगदी वेगवेगळ्या गळ्यांतून कशी ऐकू येते हे तिथे स्पष्ट दिसतं, आणि ही ध्वनिमुद्रणं कुणालाही ऐकायला मिळतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज उंच, बारीक, किंचित नाकाकडे झुकलेला. स्वरावर आघात नाही, सूर अलगद लागतो आणि बराच वेळ तिथेच तेवत राहतो. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा आवाज मऊ, स्वच्छ, कुठेही ओरखडा नसलेला. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडे कुंदगोळला शिकलेले दोघे म्हणजे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. एकीचा आवाज भारदस्त आणि खोल, दुसऱ्याचा रुंद, तार सप्तकात अंगावर येणारा. स्वराची बढत करण्याची रीत एका कुळातली, तरी चौघांचं ऐकताना मनात जे होतं ते चार तऱ्हांचं. खाँसाहेबांच्या सुरात आर्जव आहे. हिराबाई ऐकताना मन निवतं. गंगूबाई ऐकताना पाठ ताठ होते. भीमसेनजींच्या तार षड्जाला आपला श्वास आपोआप रोखला जातो.

यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. अकरा वर्षांच्या भीमसेनने गदगमध्ये खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि 1933 साली तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तीन मिनिटांची तबकडी, भोंग्यातून येणारा खरखरीत आवाज. रागाचं व्याकरण कळण्याचं ते वय नव्हे. त्याला घराबाहेर काढलं ते त्या आवाजाच्या लगावानं, म्हणजे सूर लावण्याच्या ढंगानं. पण त्याचा स्वतःचा आवाज पुढे घडला तो खाँसाहेबांच्या आवाजासारखा मुळीच नाही. ज्या आवाजानं आपल्याला हलवलं, तो आवाज आपल्या गळ्यात उतरवायला हवा असं नसतं. ते हलवणं कसं घडलं, हे उचलायचं असतं.

गंगूबाईंचं उदाहरण तर तुम्ही उशाशी ठेवावं असं आहे. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ‘गांधारी हनगल’ या नावानं निघाल्या. त्या मिळाल्या तर ऐका, आवाज उंच आणि पातळ आहे. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, इतका की नुसतं रेडिओवर ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्या काळात बाईनं असा आवाज घेऊन मैफलीला बसणं सोपं नव्हतं. त्यांनी तो लपवला नाही, बारीक केला नाही. सुराला पूर्ण वजन दिलं, आलाप सावकाश केले, आणि त्या आवाजाला शोभेल असंच गाणं उभं केलं. मारवा किंवा पूरिया त्यांच्याकडून ऐकताना जो गंभीरपणा वाटतो, तो निव्वळ रागाचा नाही. तो त्या गळ्याचाही आहे.

आता आवाजाची ‘जात’ कशानं ठरते ते पाहू. तुम्ही काळी चारचा षड्ज लावता तेव्हा स्वरयंत्रातले दोन पडदे सेकंदाला साधारण 208 वेळा एकमेकांना भिडतात. प्रत्येक भिडण्यातून हवेचा एक झटका बाहेर पडतो आणि त्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे स्वयंभू स्वरही असतात. पडदे दर वेळी चटकन आणि पुरते मिटले तर वरचे स्वयंभू स्वर जोरकस निघतात आणि आवाजाला धार येते. मिटताना फट राहिली तर हवा निसटते, आवाज हवेशीर आणि मऊ होतो. पडदे दाबून धरले तर आवाज ताणलेला, कडक निघतो. पुढे घसा, जीभ, टाळू, ओठ यांच्या पोकळ्या त्यांतल्या काही कंपनांना उचलून धरतात आणि काहींना दाबतात. पडद्यांची लांबी-जाडी जन्मजात. त्यांचं मिटणं आणि पोकळीचा आकार मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो, आणि रियाज म्हणतो तो याच दोन गोष्टींवर काम करतो.

मग ऐकणाऱ्याचं काय? माणसाचा कान दुसऱ्याच्या आवाजातून त्याच्या शरीराची अवस्था वाचतो. घाबरलेल्याचा घसा आवळतो, थकलेल्याचा श्वास पुरत नाही, रागावलेल्याचे पडदे जोरात आपटतात, रडू आवरणाऱ्याचा स्वर मध्येच डगमगतो. ही ओळख आपल्याला बोलण्यातून झालेली असते, गाणं ऐकताना तीच कामाला येते. स्वीडनमधल्या पॅट्रिक जुस्लिन आणि पेट्री लौक्का यांनी 2003 साली बोलण्यातल्या भावनांवरचे शंभराहून अधिक अभ्यास आणि संगीतातल्या भावनांवरचे चाळीसेक अभ्यास शेजारी ठेवून तपासले. दोन्हीकडे खुणा बऱ्याच सारख्या निघाल्या. दुःखात गती मंद, आवाज लहान, वरच्या कंपनांचा जोर कमी. संतापात गती जलद, आवाज मोठा, वरची कंपनं भरपूर. आपले गुरुजन हे प्रयोगाशिवाय जाणत होतेच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात आवाजाचे गुण आणि दोष वेगळे सांगितले आहेत. गुणांत मधुर, स्निग्ध, घन यांच्याबरोबर ‘श्रावक’ म्हणजे दूरवर ऐकू जाणारा आणि ‘करुण’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात करुणा जागवणारा आवाज आहे. दोषांत रूक्ष आणि भग्न आहेत. जाड हा दोष त्या यादीत नाही, उलट ‘घन’ गुणांत आहे!

पण एवढ्यावर थांबलं तर हलका, हवेशीर आवाज लावला की करुण रस आपोआप साधेल असा समज होईल, आणि आजकाल पुष्कळ गायक नेमकं तेच करतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुजबुजत गातात. दोन ओळी ऐकून जीव हळवा होतो, तिसऱ्या ओळीला कान सरावतो आणि कडव्याच्या शेवटी काहीच वाटेनासं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून आणि ऐकण्यातून पक्कं झालेलं एक मत इथे सांगते. आवाजाच्या जातीमुळे ऐकणाऱ्याच्या मनात एक पातळी ठरते, आणि भाव जागतो तो गायक त्या पातळीपासून जिथे हलतो तिथे. तुमचा नेहमीचा आवाज कानाला ओळखीचा झाला की त्यातला जरासा बदल, स्वर किंचित सैल पडणं, अचानक धार येणं, शब्दाच्या शेवटी श्वास उरणं, हे सगळं ऐकणाऱ्याला लख्ख कळतं. सलग एकाच पोताचा आवाज, मग तो कितीही गोड असो, थोड्या वेळानं भिंतीचा रंग होतो.

बेगम अख्तर यांच्याकडे पाहा. वरच्या स्वरावर जाताना त्यांचा आवाज क्षणभर चिरायचा, ज्याला जाणकार ‘पत्ती लागणं’ म्हणतात. शास्त्राच्या यादीत तो दोषच. पण बाकीचा आवाज इतका भरीव आणि स्थिर की ती चीर पडली की मैफलीतून दाद यायची. सतत चिरणारा आवाज असता तर कुणी दुसऱ्यांदा ऐकला नसता. तलत महमूद यांच्या स्वरात बारीक कंप होता. लोक नावं ठेवतात म्हणून ते तो झाकायला लागले, तेव्हा संगीतकार अनिल विश्वास यांनीच तो कंप हवा असल्याचं सांगून त्यांना मोकळं केलं. पण त्या कंपाखालचा सूर ऐका. तो तसूभर हलत नाही. अस्थिरता भावते ती स्थिर सुराच्या जिवावर.

कुमार गंधर्वांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आवाज आणि शरीर यांचं नातं इतकं उघडं क्वचितच दिसतं. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं. 1948 च्या सुरुवातीला हवापालटासाठी ते देवासला गेले आणि जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद राहिलं. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं, जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. पुन्हा गायला लागले तेव्हा लांबलचक दमसासाच्या तानांचा रस्ता बंद होता. त्यांचं त्यानंतरचं गाणं ऐका. छोटे तुकडे, मध्ये मोकळी जागा, कुजबुजीइतका हलका स्वर आणि त्यातूनच एकाएकी तारेवर फेकलेली पुकार. निर्गुणी भजनात ही पुकार येते तेव्हा अंगावर काटा येतो, तो त्या स्वराच्या मोठेपणामुळे जितका येतो तितकाच आधीच्या शांततेमुळे. ऐकणाऱ्याचं शरीर त्या श्वासाबरोबर चालत असतं. तो थांबला की आपणही थांबतो.

भाव म्हणजे केवळ डोळ्यांतलं पाणी नव्हे, हेही सांगायला हवं. ख्यालगायिका केसरबाई केरकरांच्या खुल्या, भरघोस ‘आ’कारानं कुणी रडत नाही. तिथे दरारा वाटतो, आपण काहीतरी मोठं पाहतोय असं वाटतं. सुलोचना चव्हाणांच्या लावणीतला ठसका ऐकून माणूस सावरून बसतो, गालात हसतो. तुमच्या गाण्यानं लोक गप्प झाले नाहीत तर ते कशानं हलले असते, याचाही विचार करा.

श्रोत्यांच्या सवयीचा भागही मोठा आहे. जुन्या नाटकात ध्वनिक्षेपक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर उंच, टिपेचा, धारदार आवाज लागायचा आणि लोकांना तोच थोर वाटायचा. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आलं, मग रेडिओ आला, आणि मायक्रोफोनशेजारी हळू गाणं शक्य झालं. मराठी भावगीत वाढलं ते या यंत्रांच्याच आधारानं. गजाननराव वाटव्यांसारख्यांचं घरगुती, जवळून बोलल्यासारखं गाणं हे त्या काळाचं देणं. नंतर चित्रपटात लताबाईंचा उंच, बारीक, नितळ आवाज आला आणि पुढच्या काही पिढ्यांच्या कानात ‘बाईचा गाण्यातला आवाज’ म्हणजे तोच, असं ठसलं. त्याच लताबाईंचा आवाज सुरुवातीला एका निर्मात्यानं फार पातळ म्हणून नाकारला होता, हे विसरू नये. तुमच्या मैत्रिणीच्या आवाजाला या सवयीचा आयता फायदा मिळतो. तुम्हाला श्रोत्याचा कान आधी थोडा वळवून घ्यावा लागेल.

1999 साली कॅनडात बॉल्कविल आणि थॉम्पसन यांनी रागसंगीताशी ओळख नसलेल्या श्रोत्यांना राग ऐकवले होते. आनंद, दुःख आणि संताप हे भाव त्यांनी बऱ्यापैकी ओळखले, शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. मला यात नवल वाटलं नाही. शांत आणि गंभीर या गोष्टी ऐकून ऐकून उमगतात. जाड आवाजाचं बळ बहुतेक याच प्रदेशात असतं, म्हणून त्याला दाद उशिरा मिळते.

आता तुमच्या गाण्याकडे. तुमचा आवाज मी ऐकलेला नाही, वर्णनावरून अंदाज सांगते. जाड आवाज आणि बोदा, म्हणजे दबलेला, पुढे न येणारा आवाज यांत गल्लत होते, आणि तुमच्याकडे बहुधा थोडा बोदेपणा आला असावा. आपला कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. आवाजातली 3000 च्या आसपासची कंपनं शाबूत असतील तर आवाज कितीही खाली असला तरी समोर येऊन बसतो. जीभ मागे ओढून, हनुवटी छातीकडे दाबून, घशात पोकळी करून ‘भारदस्त’ आवाज काढायला गेलं की नेमकी हीच कंपनं मरतात. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा जवारीला दिलेला पाहिला असेल तर कळेल: तार तीच, सूर तोच, घोडीचा माथा घासून दोऱ्याची जागा केसभर सरकवली की बंद तंबोरा बोलायला लागतो. तुमची तार बदलायची नाही, जवारी उघडायची आहे. तोंड मिटून ‘म्’ वर गुंजन करा, ओठांत आणि नाकाच्या मुळाशी झणझणलं पाहिजे. ते न सोडता सावकाश ‘आ’कारात या. जीभ खालच्या दातांना टेकलेली ठेवा. सकाळचा खर्ज भरतानाही हेच पाहा, नुसतं खाली जाण्यात अर्थ नाही.

दुसरी शंका पट्टीची. काळी चार तुम्हाला कुणी नेमून दिली की तुमची आहे? भावगीताचा अंतरा तार पंचमापर्यंत गेला तर काळी चारमध्ये ते 623 हर्ट्झ होतात. तिथे जाताना तुम्ही पडदे दाबत असाल तर ऐकणाऱ्याला गाण्यातलं दुःख ऐकू येत नाही, तुमच्या गळ्याचं दुःख ऐकू येतं. तो तुमच्यासाठी अवघडतो, आणि सुटका झाली की ‘छान’ म्हणतो. पांढरी चार करून पाहा, काळी तीन करून पाहा. बायकांनी खाली गाऊ नये असा काही नियम नाही. शोभा गुर्टूंची ठुमरी आठवा.

खाली गाण्याचा एक मोठा लाभ आहे आणि भावगीतात तो हुकमी आहे: शब्द. ‘ई’ आणि ‘ऊ’ या स्वरांची ओळख पटवणारा तोंडातला पहिला अनुनाद साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. गाण्याचा स्वरच त्याच्या दुप्पट उंचीवर गेला की ही ओळख पुसट होते आणि उंच आवाजात ‘ई’, ‘ए’, ‘आ’ एकमेकांजवळ येतात. खालच्या पट्टीत स्वयंभू स्वर दाट पडतात, त्यामुळे ‘ई’, ‘ऊ’सारख्या प्रत्येक स्वराचा चेहरा स्पष्ट उमटतो. म्हणजे कवीचा शब्द बोलल्याइतका नीट पोचवणं जाड आवाजाला जास्त सोपं आहे. हे हत्यार तुम्ही वापरत नाही असं मला वाटतं, कारण सूर आणि तालाबद्दल तुम्ही लिहिलंत, शब्दांबद्दल एक ओळही नाही. गाणं आधी चालीशिवाय मोठ्यानं वाचा. कुठल्या शब्दाला आवाज आपोआप खाली येतो, कुठे थांबावंसं वाटतं, ते पेन्सिलीनं खुणावा. मग गाताना फक्त त्या दोन-तीन जागी आवाजाचा पोत बदला. एका जागी पडदे जरा सैल सोडून हवा मिसळा, एका जागी स्वर कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) न घेता सरळ ठेवा, एका ओळीचा शेवट लांबवण्याऐवजी लवकर सोडा. बाकी सगळं नेहमीच्या आवाजात. स्वर सोडायचा कसा याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मागे राहतं ते बहुधा तेच.

मायक्रोफोनचंही बघा. कार्यक्रमात वापरतात तो माइक ओठांशी धरला की खालची कंपनं फुगवतो. बारीक आवाजाला त्यानं गोलाई येते, जाड आवाजाचा चिखल होतो. मैत्रिणीनं माइक जिथे धरला तिथेच तुम्हीही धरत असाल तर निम्मा फरक तिथेच पडला असेल. वीतभर अंतर ठेवा, साउंडवाल्याला बेस थोडा कमी करायला आणि एको जवळजवळ बंद ठेवायला सांगा. तो कुरकुरेल, तरी सांगा.

एक सावधगिरी. रडवेला, चिरका किंवा हवेशीर आवाज रोज मुद्दाम काढून घोटू नका, पडद्यांवर ताण येतो. आणि हा जाडपणा अलीकडेच आला असेल, किंवा घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर गुरूकडे जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडदे तपासून घ्या. जन्मजात भरीव आवाज आणि गाठ झालेला आवाज बाहेरून सारखे वाटू शकतात, त्यांचे उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

आठवडाभर हे करून झालं की त्याच गाण्याचा मुखडा आणि एक कडवं काळी चार, पांढरी चार आणि काळी तीन अशा तिन्ही पट्ट्यांत, नुसत्या तंबोऱ्यावर, फोन चार हात दूर ठेवून रेकॉर्ड करा. गाण्यातलं फारसं न कळणाऱ्या एखाद्या घरच्या माणसाला तिन्ही ऐकवा. ‘कुठलं गोड वाटलं’ असं विचारू नका. ‘कुठलं ऐकताना शब्द लक्षात राहिले’ एवढंच विचारा, आणि तो ज्या पट्टीकडे बोट दाखवेल तिच्यात महिनाभर गा.